दुरंगी बोगनवेलीची पाटी

बुलडाण्याच्या सरकारी विश्रामगृहाच्या बागेत पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी चिखलीच्या कॉलेजातून नुकतीच निवृत्त झाले होते. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. त्या बागेतलं झाडन् झाड मला पाठ होतं.

फाटकाजवळच्या बोगनवेलीला एकाच फांदीवर गुलाबी आणि पांढरे झुबके येतात. ही संकरित वेल. इंग्रजांच्या बागांत निरनिराळ्या बोगनवेली शेजारी-शेजारी वाढल्या, त्यांचा आपसूक संकर झाला आणि नव्या रंगांना कुठल्या तरी साहेबाचं नाहीतर मडमेचं नाव मिळालं. मी वहीत लिहिलं, 'इंग्रज अधिकाऱ्याने लावलेली.' विद्यार्थ्यांनाही दरवर्षी हेच सांगत आले होते.

"काय लिवून राह्यल्या, मॅडम?" बागेतल्या म्हाताऱ्या माळ्यानं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"साहेबानं? नाही हो. माह्या मायनं लावली हे."

त्याची आई याच बागेत मजुरीला होती. मागचा जुना बंगला पाडत होते, तेव्हा तिथल्या वेलीच्या काड्या तिनं ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या. एकच जगली.

या वेलीला बी धरत नाही, ती काडीनंच वाढते, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण मग ती काडी लावली कोणी, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मजकूर बदलून, माळ्याच्या आईचं नाव घालून मी ऑफिसात नेला. तिथले तरुण साहेब म्हणाले, "एखादं इंग्रजी नाव टाका ना, बाहेरच्या लोकांना बरं वाटतं. आणि या बाईंनीच लावली, याला पुरावा काय?"

"त्यांचा मुलगा बाहेर झाडांना पाणी देतोय, त्याला विचारा. इंग्रजाच्या बाजूनं कोण आहे सांगायला?"

ते हसले आणि त्यांनी सही केली.

पाटीवर तिचं पूर्ण नाव आलं. माळ्यानं एकेक अक्षर जुळवत ते वाचलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "माय असती त मले शिव्या देल्ल्या असत्या, काऊन लिवू देलं म्हून," एवढंच बोलला.

त्या पावसाळ्यात मी दहा काड्या घरी नेऊन लावल्या. सगळ्या वाळल्या. माळ्याला सांगितलं, तर त्यानं आपली करंगळी पुढे धरली.

"कवळ्या घेतल्या असतीन तुमी. एवढी जाड पाह्यजे. चाला, मी काढून देतो."