रांगोळीचा ब्रेकर

सुबोध आगाशे वरातीत चालत असला तरी त्याची नजर जमिनीवर असते. नवरदेवाआधी त्याला घोड्याच्या पायाखालचं गटाराचं झाकण दिसतं. त्याची बायको रुचिरा सगळ्यांना सांगते, "हे मला बघायला आले तेव्हा आमच्या दाराची पायरी पाहिली. म्हणाले, दगड सुटलाय, कुणीतरी पडेल. माझ्याबद्दल एक शब्द नाही."

झाशीत रस्ते-पुलांच्या खात्यात तो सुपरवायझर आहे. खड्डे बुजवायचे, पावसाळ्याआधी नाल्यांवरच्या पुलांचे कठडे ठोकून बघायचे, वळणांवर काळे-पिवळे पट्टे मारायचे आणि लोकांनी आपल्या मनानं घातलेले स्पीड ब्रेकर फोडायचे. हे शेवटचं काम सगळ्यात वाईट. गल्लीत कुणाचं पोर गाडीखाली येता येता वाचलं की लोक सिमेंटचा उंचवटा घालून मोकळे होतात, आणि मग त्या उंचवट्यावरच कुणाची तरी कंबर मोडते. सुबोध कामगारांची टोळी घेऊन जातो, शिव्या खातो, उंचवटा फोडतो. जागा असेल तिथे नियमातला बुटका, रुंद ब्रेकर घालून देतो. जागा नसेल तिथे आणखी शिव्या खातो.

असाच एक उंचवटा त्याच्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी होता, आणि तो त्याच्या आईनं घातला होता.

लक्ष्मी ताल या तलावाकडे जायला ही गल्ली जवळची पडते, म्हणून मोटरसायकली सुसाट येतात. वामनराव, म्हणजे सुबोधचे वडील, सकाळी दूध घेऊन परतत होते, तेव्हा अशाच एका मोटरसायकलनं त्यांना उडवलं. दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले. चालवणारा सापडला नाही. तेरावं उरकलं आणि त्याच्या आईनं, शकुंतलाबाईंनी, शेजारी काम करणाऱ्या गवंड्याला हाक मारून, स्वतः समोर उभं राहून, तो उंचवटा घालून घेतला. सुबोध संध्याकाळी आला. उंची बघूनच त्याला कळलं की हे धोक्याचं आहे. बोलायच्या तयारीनं तो घरात शिरला, तर आई जेवायला बसली होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं रुचिराकडे दुसरी पोळी मागितली. सुबोधनं हातपाय धुतले आणि शेजारी बसला.

पुढे एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, नुसतं सिमेंट लांबून दिसत नाही. त्यावर पांढरे पट्टे लागतात."

दुसऱ्या दिवसापासून शकुंतलाबाई दारातली रांगोळी झाली की डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊ लागल्या. उंचवट्यावर जाड, सरळ पट्टे ओढायच्या. सवयीनं कडेला एखादं कमळही उमटायचं. गल्लीतल्या बायका हसायच्या, "आगाशे अम्मा तो सड़क की भी पूजा करती हैं!" सुबोधला खात्याचा रंग आणता आला असता. पण खात्याचा रंग लागला की तो ब्रेकर खात्याचा झाला असता, आणि मग त्याला तो बघावा लागला असता. रांगोळीकडे काणाडोळा करणं सोपं होतं. सकाळी गाड्या हळू व्हायच्या. दुपारपर्यंत चाकांनी पट्टे पुसून टाकलेले असायचे.

अशाच एका संध्याकाळी समोरच्या कुशवाहांची नवी सून स्कूटीवरून आली आणि उंचवट्यावरून फेकली गेली. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. तिची सासू तरातरा आगाश्यांच्या दारात आली.

"अम्माजी, ब्रेकर बनवाया है कि किले की दीवार? हमारी बहू का मुँह देखो जाके!"

"धीरे चलाती तो क्यों गिरती?"

"धीरे ही चला रही थी. दिखा ही नहीं उसको!"

सुबोध आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही.

जेवताना रुचिरानं आमटी वाढता वाढता विचारलं, "दुसऱ्यांचे फोडायला जाता तेव्हा काय सांगता त्यांना?"

"सांगतो की, यानं कुणीतरी पडेल."

"मग आता तर पडलंच."

त्यांची मुलगी ईशा हळूच म्हणाली, "पापा, आजी को मत बोलो ना. वो फिर खाना छोड़ देगी."

सुबोधलाही तीच भीती होती. तरी तो उठला. आई देवघराशेजारी वाती वळत बसली होती.

"आई, तो काढावा लागेल."

"साहेब ओरडले?"

"साहेबांना माहीतही नाही. मीच म्हणतोय."

"मग तुझ्या नियमातला घाल."

"गल्ली अरुंद आहे, त्यात अगदी वळणावर. इथे बसत नाही. आरसा लावतो, पाटी लावतो."

"पाटी वाचून थांबणारी पोरं आहेत होय रे ती?" शकुंतलाबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "हे गेले तेव्हा तू कुठल्याशा पुलावर होतास. सगळ्या गावाचे कठडे सांभाळतोस तू. आपल्या दाराशी मला जमलं ते मी केलं."

सुबोध तिच्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "बाबांना त्या मोटरसायकलवाल्यानं पाडलं, आई. या मुलीला आपण पाडलं. तुझ्याइतकंच मीही."

शकुंतलाबाईंनी वात पुन्हा उचलली.

सकाळी तो टोळी आणि फोडायचं मशीन घेऊन आला, तेव्हा उंचवटा कोरा होता. दारातली रांगोळी झाली होती, इथली नव्हती. आई घरात नव्हती. रुचिरा म्हणाली, "शिऱ्याचा डबा घेऊन कुशवाहांकडे गेल्यात. मी येऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या."

टोळीतला जुना माणूस हरप्रसाद पुढे झाला. "भैया, आप उधर बैठो. घर की बात है, हम तोड़ देंगे."

"नहीं, मशीन इधर दो."

सुबोधनं तो स्वतः फोडला. गवंड्यानं माल चांगला वापरला होता, लवकर सुटेना. शेवटी डांबर पडलं, रस्ता सपाट झाला, वळणावर गोल आरसा बसला. टोळी सामान आवरतेय तोवरच सायलेन्सर काढलेली एक मोटरसायकल बाणासारखी निघून गेली.

एक-दोन दिवसांनी संध्याकाळी तो परतला, तर शकुंतलाबाई गल्लीच्या तोंडाशी हात आडवा धरून उभ्या. समोर एक तरणा पोरगा मोटरसायकल थांबवून खाली मान घालून बसलेला.

"किसका लड़का है तू?"

"रामसेवक का, अम्मा."

"रामसेवक को मालूम है तू कैसे चलाता है? कल आती हूँ तुम्हारे घर."

"अरे नहीं अम्मा, घर मत आना! धीरे चलाऊँगा."

दारातून रुचिरानं हाक मारली, "बघा! कालपासून हेच चाललंय. माझं ऐकत नाहीत, आता तुम्हीच सांगा काय ते."

सुबोधनं आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. राखी रंगाचं लुगडं, उतरलेलं ऊन. वळणावरून येणाऱ्याला ती दिसलीच नसती. त्यानं स्कूटरची डिकी उघडली आणि आतून खात्याचं नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट काढलं.

"हे काय? मला टोळीत घेतोस की काय?"

"घाल आधी."

"लोक हसतील रे."

"हसायला गाडी हळू करावी लागते, आई."

शकुंतलाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग एक हात घातला, मग दुसरा. "बटणं कुठायत याला?"

"चिकटतं ते." त्यानं पदर नीट करून समोरची पट्टी दाबून चिकटवली. मग खांद्यांना धरून त्यांना रस्त्यातून भिंतीच्या कडेला नेलं. "उभं राहायचं ते इथेच. हात फक्त बाहेर. अंधार पडायच्या आत घरी."

"बरं, बरं. तू सरक आता, मला दिसत नाही."

वळणावरून दिवा आला. जाकिटाचे पट्टे एकदम लखलखले, आणि येणाऱ्यानं लांबूनच ब्रेक दाबला.

"किसका लड़का है?" शकुंतलाबाईंनी विचारलं.