दारामागचं कार्ड

ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या टेकडीवरच्या वस्तीत दाल्वानीरा शिरायची तीच भांडणाच्या तयारीनं. अठरा वर्षं ती आरोग्य खात्यासाठी डासांच्या अळ्या शोधत होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून घरोघरी छपरावर टाकी. शिडी चढायची, टॉर्च मारून टाकीत बघायचं आणि मग दारामागच्या तपासणीच्या कार्डावर तारीख घालून सही करायची. न बघता सही? नाव काढू नका!

"अगं, कॉफी तरी घे," कोर्डुलाआजी म्हणायची.

"आधी शिडी दाखव. गेल्या खेपेला तुझ्या टाकीत अळ्यांची जत्रा भरली होती."

"माझ्याच टाकीवर डोळा मेलीचा!" म्हणत आजी शिडी धरायची.

फक्त एका घरी ती शिडी मागत नसे. धाकट्या बहिणीच्या, जुसाराच्या. तिथं पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असायचे. जुसारा कॉफी आणि खोबरं घातलेला टापिओकाचा घावन पुढ्यात ठेवायची. "झाकण आहे गं ताई, मी बघते ना रोज." ताई बसल्या जागी सही ठोकायची. सख्ख्या बहिणीवर कसला संशय घ्यायचा! नऊ वर्षांची भाची रायाने तेवढ्यात टॉर्च पळवून सगळ्यांच्या नाकात डोकवायची.

मार्चात रायानेला ताप आला. चौथ्या दिवशी उतरला, तशी जुसारा हरखली. दाल्वानीरानं मात्र पोरीचे हातपाय चाचपले. डेंग्यू ताप उतरल्यावरच घात करतो, हे तिनंच वस्तीला घसा फोडून सांगितलं होतं. पोरीला उचलून तिनं दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी रायाने गेली.

आठवड्यानं दाल्वानीराचे वरिष्ठ, अदेमारसाहेब, जुसाराच्या घरी चौकशीला आले. दारामागचं कार्ड वाचून त्यांनी मान डोलावली. "तुला बोल लागायचा नाही, दाल्वानीरा. इतकी नियमित तपासणी साऱ्या वस्तीत नाही. दर दोन महिन्यांनी, टाकीसकट."

जुसारानं कार्ड हातात घेतलं. सगळ्या तारखा वाचल्या.

"ताई, तू वर कधी गेली होतीस?"

"कधीच नाही."

त्या दिवशी जुसारानं कॉफी विचारली नाही. तिनं शिडी आणून भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी धरली. दाल्वानीरा चढली. झाकण होतं. खालून दिसायचं नाही त्या बाजूला तडकून मुठीएवढं भोक पडलेलं. तिनं टॉर्च लावला.

"आहेत?" खालून जुसारानं विचारलं.

"आहेत," दाल्वानीरा म्हणाली.