मी घेतलेलं नाव

बाप्तिस्मा घेऊन मला सात वर्षं झाली होती, तरी प्रार्थनेला डोळे मिटले की आधी गयामावशी दिसायची. मंडळीत बाकीच्या बाया उभ्या राहून साक्ष द्यायच्या, प्रभूनं मला मोकळं केलं म्हणायच्या. मी मान खाली घालून बसायचे. वाटायचं, आपला विश्वासच खोटा असेल. नाही तर ज्याच्या पायाशी एवढी वर्षं बसले, त्यानं माझ्या जिवावरचं हे ओझं अजून का उचललं नाही? उत्तर मला माहीत होतं. पण ते मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते.

आमचं गाव हसनाबादच्या पुढं, फाट्यावर उतरून अर्धा तास चालत जावं लागतं. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन मी तिथं आले. पुढच्या चार वर्षांत मला दोन लेकरं झाली आणि दोन्ही गेली. पहिलं आठव्या दिवशी, दुसरं सातव्या. दोघांचं एकसारखंच झालं. आधी दूध ओढायचं थांबलं, मग जबडा आवळला, मग एवढंसं अंग ताठ व्हायला लागलं. नुसता हात लागला तरी झटका यायचा. दुसरं माझ्या मांडीवर होतं, आणि ते गेलेलं मला कळलंसुद्धा नाही. सासूबाईंनी उचलून घेतलं तेव्हा कळलं.

मग घरच्यांनी शेजारच्या गावचा देवऋषी बोलावला. त्यानं सुपात दाणे टाकले आणि मला विचारलं, "लेकराला घराबाहेरचा हात कोणाचा लागला?" सगळे माझ्याकडं बघत होते. गयामावशी आमच्या गल्लीतली विधवा बाई, मूलबाळ नसलेली. गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना न्हाऊ घालायचं काम तिचं. माझ्याही दोन्ही लेकरांना तिनंच न्हाऊ घातलं होतं. दुसरं गेलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून माझ्याइतकीच रडली होती. पण घरात माझ्या पायगुणाची बोलणी चालू होती, यांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला होता. मी म्हणाले, "गयामावशीचा."

एवढंच. ते खोटं नव्हतं, असं मी पुढं स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण तो नाव कशासाठी विचारतोय हे मला कळत होतं, आणि मी ते त्याचसाठी दिलं.

त्यानंतर मावशीला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती रस्त्यानं आली की बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. तिच्या पत्र्यांवर दगड पडले. शेवटी ती गाव सोडून दिराच्या वावरात, जनावरांच्या जुन्या कोठ्यात राहायला गेली. बोचकं घेऊन ती निघाली तेव्हा मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेली.

तिसऱ्या खेपेला यांनी मला जालन्याला आणलं. यांना तिथं बियाण्यांच्या गोदामात काम लागलं होतं. मिशनच्या दवाखान्यात नाव घातलं. सिस्टरनं आधीच्या दोघांचं सगळं बारकाईनं विचारलं.

"नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं," मी म्हणाले.

"बाई, तो धनुर्वात होता. नाळेतून शिरतो. आता तुला इंजेक्शन देऊ, या लेकराला तसं व्हायचं नाही."

विळा सासूबाईंच्या हातात होता. त्यांच्याही लेकरांची नाळ तशाच विळ्यानं कापलेली. त्यांना तरी काय बोलायचं? मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला मुलगी झाली. ती जगली. तिच्याकडं बघताना आनंदाच्या जागी मला भीतीच वाटायची, की हिच्यावर माझा हक्क आहे का?

त्या वॉर्डात मार्थाबाई म्हणून एक आया होती. दुपारी कामं उरकली की ती खाटेशी स्टूल ओढून बसायची आणि हळू आवाजात प्रार्थना करायची. एका दुपारी मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ही आता उठून जाईल. तिनं माझा हात धरला. "प्रभू माफ करतो, लेकी. मागून बघ. पण गयाबाईपाशी मात्र तुलाच जावं लागंल." तिच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मी तहानलेल्या माणसासारखा घेतला. दुसरा तसाच सोडला. दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. हे एवढंच म्हणाले, "तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर घे." आणि पुढची सात वर्षं मी उपासनेला जात राहिले, गावाकडं मात्र नाही.

मग गावाकडून कोणीतरी आलं आणि बोलता बोलता सांगून गेलं, की गयाबाईला आता दिसत नाही, एकटीच पडून असते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले.

फाट्यावर उतरले आणि पाय चालेनात. बाटलेली सून म्हणून भावकी आधीच बोलत होती. आता हे सांगितलं तर सासूबाईंना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, यांनाही नाही. मी लिंबाखाली बसले आणि परतीच्या गाडीची वाट बघायला लागले. धैर्य दे, अशीसुद्धा प्रार्थना मी केली नाही. म्हणाले, "प्रभू, मला घरी जाऊ दे."

तेवढ्यात एक म्हातारी बांगड्यावाली तिथं टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "बेटी, टोपली जरा डोक्यावर दे."

मी टोपलीला हात लावला. "कुठं निघालात चाची?"

"गयाबाईच्या कोठ्यावर. गावात शिरायच्या आधी तिथं पानी पिते मी. बिचारीकडं कुनीच जात न्हाई. तू कुठं चाल्लीस?"

"तिकडंच," माझ्या तोंडून गेलं.

"मंग चल की जल्दी. ऊन चढून राह्यलं."

तिला माझं काहीच माहीत नव्हतं. मी तिच्या मागं चालायला लागले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, पण तोवर आम्ही वावरात उतरलो होतो.

मावशी दारात बाजेवर बसली होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. चाची पाणी पिऊन बाजूला सावलीत बसली. मी मावशीच्या पायाशी बसून आधी माझं नाव सांगितलं, मग सगळंच सांगितलं. देवऋषी, विळा, धनुर्वात.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी तुझ्या जावेनं सांगितल्तं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाही?"

"दोन लेकरं पुरून बसल्तीस तू. तुला काय बोलू?" तिनं चाचपडत माझं डोकं शोधलं. "पर ती कशानं गेली ते आज कळलं. इतकी वर्षं मला बी वाटायचं, खरंच माझ्या हातात काय तरी वंगाळ असंल."

मला रडूसुद्धा आलं नाही. दहा वर्षं ती बाई स्वतःच्याच हातांना भीत जगली होती.

"गावात सांगशील का हे?" तिनं विचारलं.

दुपारी पिठाच्या गिरणीपुढं बाया डबे घेऊन बसल्या होत्या. मी गेले, पण गिरणीच्या घरघरीत शेजारणीचंही ऐकू येत नव्हतं. मनात आलं, चला, आता बोलताच येणार नाही. आणि लाईट गेली. गिरणी थांबली, सगळं एकदम शांत झालं आणि बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "माझी लेकरं धनुर्वातानं गेली. नाळ विळ्यानं कापली होती, म्हणून. गयामावशीचा त्यात काही दोष नव्हता. तिचं नाव मी घेतलं, माझी सुटका व्हावी म्हणून." विळा कोणाच्या हातात होता, ते बोलले नाही.

एक बाई म्हणाली, "आता सांगून राह्यलीस व्हय? तिचा जन्म गेला की सगळा!"

"हो, गेला," मी म्हणाले.

सासूबाई त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. भावकी तुटली ती तुटलीच. चार-दोन बाया मावशीकडं जायला लागल्या, बाकीच्या गेल्या नाहीत. एवढ्या वर्षांची भीती एका दुपारीत जात नाही. मी पंधरा दिवसांनी एकदा जायचे, तिचे कपडे धुवायचे, तिला जेवू घालायचे. तिनं माझ्या प्रभूला कधी हाक मारली नाही आणि मीही तिला तसं म्हटलं नाही. मी डोळे मिटून बसले की ती म्हणायची, "मोठ्यानं म्हन, मला बी ऐकू दे." त्याच वर्षी हिवाळ्यात ती गेली. माफ केलं, असा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. तो मागायचा धीर मला झाला नाही, आणि आता वाटतं, न मागितला तेच बरं.

मोकळीक म्हणजे भीती जाणं, असं मी धरून चालले होते. गिरणीपुढं मी शेवटपर्यंत भीतच होते. पण भीती सांगत होती ते मी ऐकलं नाही, आणि ते बळ माझं नव्हतं. माझं बळ मी लिंबाखाली पाहिलं होतं. मी परत जायची वाट मागितली, त्यानं माझं न ऐकता मला पुढं नेलं. उशीर माझा होता, तो भरून निघणार नाही. तरी ती जिवंत असताना त्यानं मला तिच्या दारापर्यंत पोचवलं, यासाठी मी रोज त्याचे आभार मानते. ती गेल्यावर मला हे सुचलं असतं, तर तिच्या हातात काही वंगाळ नव्हतं हे तिला कोणी सांगितलं असतं?