रजेवर गेलेला सेंटर फॉरवर्ड

वामनराव साळवी यांना मी प्रथम पाहिले ते आखातातल्या अस्करच्या आमच्या कंपनीत, रजेच्या टेबलाशी. मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "हॉकी खेळता का?" मी नाही म्हणालो. "मग आमच्या संघाचे सचिव व्हा." नाही म्हटल्यावर सचिवपद कसे मिळते, ते मला कळले नाही. त्यांच्याविषयी पुष्कळ गोष्टी आजही कळलेल्या नाहीत. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या लेखात हे कबूल केलेले बरे.

संघ उभारणे हे त्यांचे वेड. खेळाडू मात्र टिकत नसत. शेजारच्या सित्र्याच्या कंपनीचा संघ नवे बूट आणि हलकी ड्युटी देई. आमच्याकडे तापलेली वाळू आणि वामनरावांच्या हातचे लिंबू सरबत. आमचे कॅनडाचे इंजिनिअर एकदा म्हणाले, त्यांच्या गावच्या, बर्फावर खेळणाऱ्या हॉकी संघाचीही हीच रड. थंडीला कंटाळून चांगले खेळाडू अमेरिकेतल्या उबदार शहरांत जातात, आणि कप हुलकावणी देतो. वामनराव गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे दोष वाळूचा नाही." बर्फावर हॉकी खेळतात कशी, हे विचारायचे मात्र राहून गेले.

अखेर एका हिवाळ्यात आम्ही अंतिम सामना गाठला, तो याकूबमुळे. रत्नागिरीचा हा फिटर आमचा सेंटर फॉरवर्ड. सामन्याला आठ दिवस असताना त्याचा रजेचा अर्ज आला: बहिणीचा निकाह. दोन वर्षे तो घरी गेला नव्हता. अर्ज दाबून ठेवणे वामनरावांच्या हातात होते, आणि मी तसे सुचवलेही.

याकूब पडल्या चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, कप घेऊनच जातो, इंशाल्ला."

"कप राहू दे. बहिणीचा निकाह पुन्हा व्हायचा नाही," म्हणत त्यांनी सही केली.

आम्ही चार गोलांनी हरलो. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते मुकाट्याने माझ्या टेबलावर सरबत ठेवत राहिले.

रजा संपवून याकूब परतला. पाठोपाठ सित्र्याचे दोन खेळाडू आमच्याकडे नोकरी मागायला आले. "तुमच्याकडे वेळेवर रजा मिळते म्हणे," ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात. त्याच आठवड्यात त्या दोघांचेही रजेचे अर्ज आले. वामनरावांनी दोन्हींवर सही केली.

कप आम्हाला कधीच मिळाला नाही. ते संघ बांधत होते की मोडत होते, याचा मी अजून विचार करतो आहे. सत्काराला मात्र अकराही जण आपापली रजा टाकून येत आहेत, याकूब सर्वांत आधी.

वामनरावांना उत्तम आरोग्य लाभो. त्यांनी कुणाचा अर्ज कधी दाबला नाही. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या रजेचा अर्ज मात्र वरच्या साहेबाने खुशाल दाबून ठेवावा, शंभरी उलटेपर्यंत.