आक्कांची जोडीदारीण

आमच्या कॉम्प्लेक्सच्या चार इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती आक्कांच्या सासऱ्यांची भातशेती. भिवंडीजवळच्या शेलार गावाच्या थोडे पुढे. २००४ साली आक्कांचा मुलगा दौलत याने ती बिल्डरला दिली आणि बदल्यात, बाकीच्या रकमेखेरीज, ‘बी’ इमारतीत चौथ्या मजल्यावरचे दोन जोडफ्लॅट घेतले. बाकी आम्ही सगळे बाहेरून आलेलो. लूममालक, गोदामवाले, दोन डॉक्टर, ठाण्याला नोकरीला जाणारी काही कुटुंबे. आम्हा सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. भिवंडीतला लूमचा आवाज ऐकू येऊ नये आणि ओळखीशिवाय कोणी दारात येऊ नये. दोन्ही गोष्टी मिळाल्या. मी एका गोदाम कंपनीत नोकरीला आहे, निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, आणि कागद नीट ठेवतो म्हणून पहिल्याच सभेत मला सोसायटीचा सेक्रेटरी केले.

आक्का धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गायचा असतो, तो गाणारी ही बाई. भटजी आला तरी धवलारणीने गायल्याशिवाय लग्न लागले असे जुनी माणसे मानत नाहीत. धवला एकटीने होत नाही. एकीने ओळ घ्यायची, थांबायचे, दुसरीने ती उचलून पुढे न्यायची. आक्कांना तीस वर्षे साथ देणारी जोडीदारीण कमळा २००७ साली वारली होती. आणि दौलतची मुलगी उन्नती हिचे लग्न २००८च्या फेब्रुवारीत, आमच्याच क्लबहाऊसमध्ये ठरले होते.

“पाचशे लग्नं लावली मी,” आक्का मला लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या. “माझ्या नातीचं मुक्यानं लावू काय?”

त्यांनी खारबाव गावची ठकुबाई शोधली. पन्नाशीची, आवाज खणखणीत, पण निम्मेच गाणे येत होते. लिहिलेले काही नसते, सगळे तोंडी. तेव्हा ठकुबाई मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येऊ लागली. दोघी बाल्कनीत सुपे घेऊन तांदूळ निवडत बसायच्या आणि गायच्या.

कोणी तक्रार करण्याआधी आपणच विचारावे म्हणून मी त्यांच्या वर राहणाऱ्या मुनीरभाईंकडे गेलो. त्यांचे भिवंडीत चाळीस लूम.

“साहेब, तीस वर्षं लूमच्या खटखटीत झोपलो,” मुनीरभाई म्हणाले. “इथं आल्यापासून झोपच येत न्हाय. या दोघी सुरू झाल्या की डोळा लागतो. बंद करू नका हां.”

आतून त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा म्हणाल्या, “आणि हे घोरायला लागले की त्या बंद करतात.”

अडचण गाण्याची नव्हती, गेटची होती. पाहुण्याने वहीत नाव लिहायचे, वॉचमनने इंटरकॉम करायचा, घरातून होकार आला की आत सोडायचे, असा आमचा नियम. आक्का बाल्कनीत असल्या की त्यांना इंटरकॉम ऐकू येत नसे. ऐकू आला तरी त्या भलतेच बटण दाबत. ठकुबाईला सही येत नव्हती. एका मंगळवारी ती पाऊण तास उन्हात उभी राहिली. आक्का खाली येऊन माझ्यावर बरसल्या.

“भाऊ, ही जमीन माझ्या सासऱ्याची. आन माझ्याच माणसाला मी विचारून आत घेऊ?”

मी म्हटले, उद्याच कायमचा पास करून देतो. मला मनापासून त्यांची सोय करायची होती. पासाच्या छापील फॉर्मवर चारच रकाने होते. मालक, भाडेकरू, ड्रायव्हर, घरकाम. ठकुबाई पहिल्या तिन्हींत बसत नव्हती. मी चौथ्यावर खूण केली, फोटो चिकटवला, लॅमिनेट करून निळ्या दोरीत घातला. काम वेळेत झाले याचे मला समाधानही वाटले. तिने तो आनंदाने गळ्यात घातला. तिला वाचता येत नव्हते, आणि मला तो रकाना मोठ्याने वाचून दाखवावा असे सुचले नाही.

निळ्या दोरीच्या पासाचे आणखी दोन नियम होते, ते मीच सभेत मंजूर करून घेतले होते. मागच्या लिफ्टने जायचे. आणि बाहेर पडताना पिशवी दाखवायची. आत मालकाच्या घरची वस्तू असली तर मालकाची चिठ्ठी हवी.

मागच्या लिफ्टबद्दल ठकुबाई काही बोलली नाही. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तिने मांडवाचा धवला पहिल्यांदा न चुकता पुरा केला. आक्कांनी रीतीप्रमाणे तिची ओटी भरली. हिरवी नवी साडी, नारळ, पायलीभर तांदूळ. ठकुबाई पिशवी घेऊन गेटवर आली आणि वॉचमनने ती उघडली.

“चिठ्ठी किधर है?” त्याने विचारले. “बाई, ये नया साडी किसका है?”

“माझी हाय.”

“कामवाली को नया साडी? रुको, ऊपर पूछता हूँ.”

इंटरकॉम कोणी उचलला नाही, म्हणून त्याने मला फोन केला. मी पोहोचेपर्यंत ठकुबाई निघून गेली होती. टेबलावर साडी, नारळ, तांदूळ आणि निळ्या दोरीचा पास नीट रचून ठेवलेला होता. वॉचमन म्हणाला, “साहब, रूल है ना.” नियम माझ्याच सहीचा होता.

ती पिशवी मीच वर नेऊन दिली. आक्कांनी पास हातात घेतला आणि उन्नतीला वाचायला लावला. उन्नतीने वाचले, ‘घरकाम’. आक्कांनी पास पिशवीवर उलटा ठेवला. मग म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही शिकलेले. तुमाला विचारायला काय झालं व्हतं?”

रविवारी मी खारबावला गेलो. ठकुबाईने चहा दिला, खुर्ची पुसून दिली. मी दोनदा माफी मागितली.

“तुमच्यावर राग न्हाय, भाऊ,” ती म्हणाली. “पन मी धवलारीण हाय. नवरीचा बाप माझ्या पाया पडतो. त्या गेटातून चोर म्हणून भायेर आले, आता तिथनं लगीन लावायला कशी आत येऊ? आक्काला सांगा, लगीन गावात लावा. मी पायी येईन.”

मी हे दौलतला सांगितले. तो वाईट माणूस नव्हे. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलाकडची माणसे कल्याणहून क्लबहाऊसचा पत्ता घेऊन निघणार होती. “सेक्रेटरी, आता गावात काय उरलंय? मांडव घालायला अंगण तरी हाय का?” तो म्हणाला. आणि आक्कांना म्हणाला, “दुसरी बाई आणू. दिघाशीला मिळंल.”

“भाजी हाय काय, या गावात न्हाय तं त्या गावात मिळायला?” आक्का म्हणाल्या. “माझं गाणं तिलाच ठावं.” राहिलेल्या तीन आठवड्यांत मला बाल्कनीतून आवाज आला नाही. मुनीरभाईंनी दोनदा विचारले.

लग्नाच्या दिवशी क्लबहाऊसमध्ये एसी होता, स्टेज होते, कोट घातलेला निवेदक होता. आक्का नवी नऊवारी नेसून नवरीजवळ पाटावर बसल्या. भटजींनी खूण केली आणि त्यांनी एकटीने धवला सुरू केला. पहिली ओळ घेतली, थांबल्या. ठकुबाईला ओळ गायला लागला असता तेवढा वेळ त्या वाट पाहत राहिल्या, जणू कोणी समोर बसलेच आहे. मग आपली पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबल्या. तिसऱ्या वेळी त्या थांबल्या तेव्हा निवेदकाला वाटले, संपले. तो माईकवर म्हणाला, “आपल्या लाडक्या आजींसाठी जोरदार टाळ्या!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणे जास्त वाईट दिसले असते. भटजींनी मंगलाष्टके सुरू केली. उन्नतीने अंतरपाटाआडून आजीकडे पाहिले. आक्का पदराने तोंड पुसत होत्या.

महिन्याभराने दौलतने मला लग्नाची सीडी पाहायला बोलावले. व्हिडिओवाल्याने काम चांगले केले होते. आक्कांचा धवला आला तेव्हा मला आश्चर्य वाटले. तो न थांबता, सलग ऐकू येत होता. मधल्या शांत जागा कापून ओळी एकमेकींना जोडल्या होत्या.

“बघा, कसा भारी वाटतो,” दौलत म्हणाला. “आये, ये ना, बघ तुझं गाणं.”

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गाणे संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “भाऊ, ठकू गाणार व्हती तेवढंच कापलंय.”

दौलतने विचारले, “काय म्हणते?”

मी म्हटले, “काही नाही.” आक्का आत गेल्या आणि नळ सोडून भांडी घासू लागल्या, घरात त्यासाठी बाई असतानाही.