कांबळे मॅडमनी राखून ठेवलेलं

न वाचलेल्या पोस्टी साचतात ना, तसेच आमच्या दुकानात किस्से साचतात. एक सांगून होईपर्यंत खाली दोन नवीन येऊन पडलेले असतात. दुकान शिवाजी पेठेत, डीटीपी आणि बाइंडिंगचं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, झालंच तर एखाद्या रिटायर्ड साहेबांचं आत्मचरित्र. माणसं चारच. मालक आण्णा, बाइंडिंगला सलीमभाई, प्रूफं तपासायला कांबळे मॅडम आणि टायपिंगला मी, वैशाली. आमच्याकडची पत्रिका लग्नाच्या आदल्या दिवशी मिळाली तरी नशीब समजा. किस्से मात्र कायम वेळेवर तयार!

आणि त्यातले निम्मे ब्लॉगमुळे झालेत.

*

नाद मूळचा माझा. चांगला ब्लॉग दिसला की मी तो फीड रीडर नावाच्या ॲपमध्ये टाकते. मग तिथं कुणी काही नवीन लिहिलं की ते आपोआप आपल्या यादीत येतं. माझं बघून मॅडमना हवं झालं, मग सलीमभाईंना. वेगवेगळी खाती काढायचा मला कंटाळा. म्हणून सगळ्यांत एकच खातं, प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर, आणि तेच खातं तिघांच्याही मोबाइलमध्ये आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर.

यात एक घोळ असतो, तो मला नंतर कळला. एकानं वाचलं की ते सगळ्यांचंच वाचून झालं! सलीमभाईंनी एका दुपारी जेवता जेवता माझ्या फोल्डरमधल्या सगळ्या रेसिपी उघडून बघितल्या, आणि त्या आल्या होत्या हेच मला समजलं नाही. जाब विचारला तर म्हणाले, "बघितल्या की. चांगल्या हायत."

मग मी नियम केला. दुसऱ्याचं वाचलंत तर वाचून झाल्यावर 'न वाचलेलं' हे बटण दाबून परत होतं तसं ठेवायचं. हा नियम लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

*

सलीमभाई फक्त शीर्षकं वाचतात. मजकूर हा लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

एका पावसाळ्यात त्यांनी राधानगरीकडच्या एका पक्षी बघणाऱ्या माणसाचा ब्लॉग लावून घेतला. नवीन ब्लॉग लावला की त्याच्या जुन्या पोस्टीही येऊन पडतात, हे त्यांना कोण सांगणार? त्यात एक शीर्षक होतं, धरणाचे दरवाजे उघडले. सलीमभाईंनी हातातला सुई-दोरा टाकला आणि नदीच्या अंगाला ज्यांचं गोडाऊन आहे त्या आमच्या कागदवाल्यांना फोन केला. त्या बिचाऱ्यांनी माणसं लावून सगळा कागद माडीवर चढवला. मागाहून मी पोस्ट उघडून बघितली तर ती गेल्या वर्षीची!

कागदवाले आमच्याशी बोलेनात. आठवडाभर तसंच चाललं. मग खरंच दरवाजे उघडले आणि गोडाऊनमध्ये गुडघाभर पाणी आलं. कागद मात्र अजून माडीवरच होता. ओसरल्यावर कागदवाले स्वतः पेढे घेऊन आले. सलीमभाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, "बातमी जुनी व्हती. पाणी नवीन आलं."

*

आण्णा काहीच वाचत नाहीत. पेठेतल्या फुटबॉलचा निकालसुद्धा तालमीच्या कट्ट्यावर जाऊन ऐकतात. त्यांचं वेड एकच, सफाई. चहाचा ग्लास खाली ठेवायच्या आत उचलतात. आम्ही प्यालोय की नाही, हेही बघत नाहीत.

अशा माणसाला कॉम्प्युटरवर आमच्या न वाचलेल्या पोस्टींचा आकडा दिसला. तेव्हा हजाराच्या वर गेला होता, कारण मी लावते पुष्कळ आणि वाचते थोडं. त्याच वेळी पेठ वडगावचे एक पाहुणे पत्रिका छापायला आले होते. त्यांनीही आकडा बघितला आणि विचारलं, हे काय आहे. आण्णा म्हणाले, "ऑर्डरी हायत, पावणं. सीझन हाय न्हवं." पाहुण्यांनी हात जोडून आमची तेवढी आधी घ्या म्हणून विनवलं आणि तिथंच काम देऊन गेले.

पाहुणे गेल्यावर मात्र आण्णा त्या आकड्याकडं बघत बसले. कोळिष्टक दिसल्यावर बघतात, तसे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

कांबळे मॅडम पूर्वी हायस्कूलला शिकवायच्या. त्या हातात लाल पेन धरूनच ब्लॉग वाचतात. स्क्रीनवर ओढता येत नाही, पण पेनाशिवाय वाचलेलं डोक्यात शिरत नाही म्हणतात. एका ब्लॉगवाल्याला त्या इतक्या वेळा दुरुस्त्या कळवत राहिल्या की शेवटी तो घाबरून पोस्ट आधी त्यांनाच पाठवायला लागला. एकदा त्याची पोस्ट फार दिवस आली नाही म्हणून मी मॅडमना विचारलं. "नापास केलंय," म्हणाल्या.

एकाच ब्लॉगला त्यांनी कधी पेन लावलं नाही. निपाणीकडच्या कुणी बाई लिहितात. परसातली झाडं, शेजारीण आणि एक बोकड. बस्स. बाईंनी बोकड विकत आणला तिथपर्यंतची गोष्ट मॅडमनी आम्हाला हसत हसत सांगितली होती, आणि मग त्यांचं वाचणंच थांबलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. प्रूफं कशीबशी भिंगातून बघायच्या. पण बाईंच्या नवीन पोस्टी उघडायच्या नाहीत. तशाच साठवून ठेवायच्या, किती महिने तरी.

"डोळे नवीन झाले की पहिलं हे वाचणार," म्हणायच्या. "धुरकट वाचून वाया कशाला घालवू?"

ऑपरेशनला भीत होत्या. तो साठा होता म्हणूनच तारीख घ्यायला तयार झाल्या, हे मला माहीत होतं.

*

आली खंडेनवमी. आण्णांनी कटिंग मशीन पुसलं, शिलाई मशीनला तेल दिलं, कीबोर्ड उलटा करून झटकला. मग आकडा. मी हार आणायला गेले होते. आण्णांनी कुठून ते बटण शोधलं देव जाणे, 'सगळं वाचलं' म्हणून दाबलं, आकडा शून्य केला, कॉम्प्युटर बंद केला आणि वर झेंडूची माळ घातली. पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. लगेच केलं तर ते उलटं फिरवता येतं, पण तो वेळही माळेखालीच गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंग लावून बघितलं. "माझं कुणी वाचलं?"

आण्णा खुशीत म्हणाले, "म्या. समदं साफ केलं. एक बी ठेवलं न्हाय."

 मॅडमनी टेबलावरचं लाल पेन उचलून पर्समध्ये टाकलं. ते पेन कधीच दुकानाबाहेर गेलं नव्हतं. दारात म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की बघते, यायचं की नाही ते."

*

आण्णांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. फोन केला तर मॅडमची मुलगी उचलायची आणि आई झोपलीय म्हणायची. सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय. आण्णा म्हणाले, इतकं झोपणारं माणूस प्रूफं तपासत नसतं.

ते वाचलेलं परत 'न वाचलेलं' करता येतं, पण एकेक उघडून. मी करते म्हटलं तर म्हणाले, "म्या घाण केलीया, म्याच काढनार." आणि बसले. पण कुठून सुरू करायचं? बोकड आणला तिथून पुढचं. मग बोकड कधी आणला ते शोधायला वाचायला लागलं. आण्णा, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या दुकानात छापलेली पत्रिका वाचली नाही, ते स्क्रीनवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होते! वाचायचं आणि 'न वाचलेलं' दाबायचं. रोज आकडा थोडा थोडा चढायचा, आणि दुकान बंद करताना आण्णा सलीमभाईंना तो अभिमानानं दाखवायचे. एकदा एकटेच मोठ्यानं हसले. काय झालं विचारलं तर सांगायला तयार नाहीत. मॅडमनी अजून वाचलं नाही, आधी फोडायचं नाही म्हणाले. मला त्या दिवशी ते फार आवडले.

ऑपरेशन झालं. मुलगीच म्हणाली, चांगलं झालं, पण डॉक्टरांनी मोबाइल बघायला इतक्यात बंदी केलीय. आण्णांनी काम पुरं केलं आणि आम्हाला सक्त ताकीद दिली, मॅडमच्या फोल्डरला कुणी हात लावायचा नाही.

परवा सकाळी मी कॉम्प्युटरवर पत्रिका लावत होते. आण्णा फडकं घेऊन कॉम्प्युटर पुसायला आले आणि ओरडले. मॅडमच्या फोल्डरचा आकडा कालच्यापेक्षा कमी दिसत होता. पहिली शिवी सलीमभाईंना पडली. त्यांनी शपथ घेतली, शीर्षकसुद्धा बघितलं नाही म्हणून. मग आण्णा माझ्याकडं वळले. मी दोन्ही हात वर करून दाखवले.

तेवढ्यात आमच्या तिघांच्या समोर आकडा एकानं उतरला.  बाहेर दूधवाल्याची गाडी थांबली होती, ती सुरू होऊन गेली. आकडा अजून एकानं उतरला. मग लगेच अजून एकानं.

आण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं, मॅडमची खुर्ची ओढून तिच्यावर बसले आणि डोळे पुसले. जरा वेळ बघत राहिले. आकडा भराभरा उतरायला लागला तसे घाईघाईनं म्हणाले, "वैशाली, फोन लाव मॅडमला. म्हनावं, हळूहळू वाचा. डोळं नवीन हायत."