साळूबाईने तारीख सोडली नाही

कॉम्रेड नाथा भोये सोमवारी पहाटे गेले, आणि मंगळवारी दुपारी पेठच्या कचेरीत सावरपाड्याच्या वनजमिनीच्या दाव्यांची सुनावणी होती.

पाड्यावर कोणाच्या घरात चूल पेटली नाही. नाथादादा म्हणजे त्यांचं सगळंच. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी संप केला, नोकरी गेली, तसे लाल झेंडा घेऊन डोंगरात परतले. पाड्यावरच्या साळूबाईच्या शेतातली नागली उपटायला वनखात्याची माणसं आली, तेव्हा ते बांधावर आडवे पडले होते. त्यापायी तीन महिने तुरुंगात काढून आले आणि दुसऱ्याच दिवशी पाड्यावर अभ्यासवर्ग सुरू केला. भिंतीवर मार्क्सची तसबीर टांगली. साळूबाईनं विचारलं, "ह्यो दाढीवाला कोण, दादा?"

"राबणाऱ्याच्याच ताटात भाकर का नसते, हे शोधून काढणारा माणूस," दादा म्हणाले. मग तिच्या हातात पाटी दिली. "आता अंगठा उठवायचा नाय. सही करायची." तेव्हा ती चाळिशीला आली होती. सही यायला तिला अख्खा पावसाळा लागला. पुढे ती वनहक्काचा कायदाही वाचू लागली, एकेका ओळीवर बोट ठेवून.

मंगळवारी सकाळी लाल झेंड्यात गुंडाळून दादांना नदीकाठी नेलं. आसपासच्या चाळीस पाड्यांची माणसं आली होती. अग्नी दिल्यावर पाड्याचा कारभारी सहादू म्हणाला, "साळूबाई, पुढची तारीख मागू. आज बोलायचं कोणी?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "दादांनी कधी तारीख सोडली? चला."

नदीवरून सगळे थेट पेठला निघाले. दहा किलोमीटर चालून शे-दीडशे माणसं कचेरीच्या आवारात बसली. साळूबाईला आत बोलावलं. तिनं कागदांची पिशवी टेबलावर ठेवली.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "बाई, वनखात्याच्या दंडाची जुनी पावती नाही, काही नाही. जमीन आधीपासून कसताय, याचा पुरावा कुठाय?"

"हाय ना. कायद्यात लिव्हलंय, पाड्यातल्या म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा धरायचा. अकरा जबाब हायत. ग्रामसभेचा ठराव हाय. आन् हा नकाशा, आम्ही बायापोरींनी शेताशेतात फिरून काढलेला." तिनं नियमाचं पान उघडून बोट ठेवलं. "वाचून दाखवू?"

साहेबांनी पान स्वतःच वाचलं. दोनदा वाचलं. मग एकेक जबाब चाळत गेले. तास गेला. शेवटी पेन उचलून म्हणाले, "पाड्याचे त्रेसष्टही दावे मंजुरीसाठी जिल्ह्याला पाठवतो."

बाहेर येऊन तिनं सांगितलं, आणि आवारात एकच आरोळी उठली, "कॉम्रेड नाथा भोये, लाल सलाम!" सहादू ढसाढसा रडला, मग त्यानंच ढोलावर थाप मारली. पेठच्या बाजारातून माणसं नाचत गेली.

सहा महिन्यांनी नाशिकला जमिनीच्या हक्काचे पट्टे वाटले. त्रेसष्ट घरांची जमीन झाली. साळूबाईच्या पट्ट्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. ती अजून ते निरखत होती, तोच दिंडोरीकडच्या एका पाड्याची नवसाबाई गर्दीतून वाट काढत आली. "ताई, आमचे दावे फेटाळलेत. तुम्ही येताल का?"

"येते की. अपील करायला मुदत असते, ती जाऊ द्यायची नाय," साळूबाई म्हणाली. "ठरावाची नक्कल हाय का तुमच्याकडं?"